जिद्दीला नियोजनाची जोड

दि. १ नोव्हेंबर २०२५ रोजी रोहन बोपण्णा यांनी व्यावसायिक टेनिसमधून निवृत्ती जाहीर केली. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळीस वर्षांचे होते. दुसऱ्याच दिवशी नवी मुंबईत भारतीय महिला क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकला आणि देशभर आनंदाला उधाण आले. त्या जल्लोषात टेनिसपटूच्या निरोपाची बातमी झाकोळून जावी, हे स्वाभाविकच होते. तथापि, जल्लोष ओसरल्यानंतर या निरोपाकडे पुन्हा एकदा शांतपणे पाहण्याची गरज आहे. बावीस वर्षे चाललेल्या या कारकिर्दीत विजेतेपदे आहेत, विक्रम आहेत. परंतु त्याहून मोलाचा आहे तो तिच्या उत्तरार्धातून मिळणारा धडा. शरीर साथ देईनासे झाले असताना, वर्षातील बहुतेक महिने परदेशांत काढावे लागत असताना आणि वय प्रतिस्पर्ध्याहून पंधरा-वीस वर्षांनी अधिक असताना माणूस काय करू शकतो, याचे उत्तर तेथे सापडते.

बोपण्णा कोडगूचे. जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या यांच्यासारखे सेनानी देशाला देणारा हा कर्नाटकातील डोंगराळ जिल्हा. वडिलांचा कॉफीचा मळा. लाकडे फोडून सर्व्हिससाठी खांदे बळकट करणे, कॉफीच्या मळ्यांतून धावून दमसास वाढविणे, अशा घरगुती साधनांनी त्यांची तयारी सुरू झाली. पुढे पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे त्यांनी धडे गिरविले. २००३ मध्ये ते व्यावसायिक खेळाडू झाले. एकेरीत मोठे यश लाभले नाही. मात्र दुहेरीत त्यांनी आपले स्थान निर्माण केले. २०१० साली अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत ब्रायन बंधूंनी त्यांना हरविले. २०१७ साली कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्की हिच्या साथीने फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळाले. पुरुष दुहेरीचे ग्रँडस्लॅम मात्र हुलकावणीच देत राहिले. ते हाती आले २७ जानेवारी २०२४ रोजी, मेलबर्नमध्ये. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डेन याच्यासह त्यांनी इटलीच्या बोलेल्ली-वावासोरी जोडीवर ७-६, ७-५ अशी मात केली. त्या दिवशी बोपण्णा त्रेचाळीस वर्षांचे होते. खुल्या टेनिसच्या युगात एवढ्या वयात पुरुषांचे ग्रँडस्लॅम विजेतेपद कोणीही मिळविले नव्हते. दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत प्रथमच अग्रस्थान गाठणारे सर्वांत वयस्कर खेळाडूही तेच ठरले. त्याच आठवड्यात त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली.

एवढ्यावर थांबले, तर ही केवळ एक गौरवगाथा होईल. वृत्तपत्रांनी तशी ती सांगितलीही आहे. 'वय हा केवळ आकडा आहे' हे वाक्य त्या दिवसांत इतक्या वेळा छापले गेले की, त्यातला अर्थच हरपला. वय हा केवळ आकडा नसतो. ते सांध्यांत उतरते, झोपेत उतरते, जखम भरून यायला लागणाऱ्या दिवसांत उतरते. ही गोष्ट बोपण्णा यांच्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक असेल? त्यांच्या दोन्ही गुडघ्यांतील कूर्चा झिजून गेली होती. हाडांच्या टोकांवरील ही गुळगुळीत गादी एकदा झिजली की, ती सहसा पुन्हा भरून येत नाही. त्यांनी स्वतःच सांगितल्याप्रमाणे, एक काळ असा होता की दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या घेतल्याखेरीज कोर्टवर उतरणे शक्य होत नसे. गुडघ्यांत इंजेक्शने घेऊन झाली. टिकाऊ उपयोग झाला नाही.

२०२० साली महामारीमुळे जगभरचे टेनिस थांबले. अनेक खेळाडूंना ती आपत्ती वाटली. बोपण्णा यांच्यासाठी तोच सक्तीचा विराम वरदान ठरला. बंगळूरुमध्ये त्यांनी अय्यंगार पद्धतीच्या योगाभ्यासास आरंभ केला. आठवड्यातून चार दिवस, प्रत्येक वेळी सुमारे दीड तास. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची अशा साधनांच्या आधाराने आसनांत दीर्घकाळ स्थिर राहण्याची ही पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी ज्या शहरात विकसित केली, ते शहर पुणे. १९३७ साली तरुण वयात पुण्यास आलेल्या अय्यंगारांनी पुढे तेथेच आपली संस्था उभारली. सततच्या प्रवासाने आणि ताणाने थकलेला विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन १९५२ साली मुंबईत त्यांना भेटला आणि त्यांचा शिष्य झाला. अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यानंतर एका भारतीय टेनिसपटूलाही याच विद्येचा आधार मिळाला, ही प्रत्येकास अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

परंतु अभिमानाच्या भरात अतिशयोक्ती होता कामा नये. योगाने बोपण्णा यांची झिजलेली कूर्चा परत आणली नाही. तसा दावा त्यांनीही कधी केला नाही. मांड्यांचे स्नायू बळकट झाले, पायांची ठेवण सुधारली, गुडघ्यावर पडणारा भार योग्य रीतीने वाटला गेला आणि वेदना थांबल्या. विशेष म्हणजे, वेदना थांबल्या म्हणून विजय लगेच चालून आले नाहीत. २०२१ साली तब्बल पाच महिने त्यांना एकही सामना जिंकता आला नाही. आता थांबावे, असा चित्रफितीतला निरोप त्यांनी पत्नीस धाडला होता, ही आठवण त्यांनी मेलबर्नच्या विजयानंतर स्वतःच सांगितली. २०२२ च्या आरंभी ॲडलेड आणि पुण्यातील बालेवाडी येथे रामकुमार रामनाथनच्या साथीने विजेतेपदे मिळाली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी गाठता आली. म्हणजे उपाय सुरू करणे आणि त्याचे फळ मिळणे यांमध्ये सुमारे दीड-दोन वर्षांचा कोरडा काळ गेला. त्या काळात अभ्यास सोडला नाही, हे खरे कर्तृत्व. चमत्काराची कथा सांगणारे नेमका हाच भाग गाळून टाकतात.

टेनिसपटूची अडचण समजून घेण्यासाठी त्याचे वार्षिक पंचांग नजरेखालून घालावयास हवे. जानेवारीत ऑस्ट्रेलिया, मार्चमध्ये अमेरिकेतील इंडियन वेल्स आणि मायामी, एप्रिलपासून युरोपातील लाल मातीची कोर्टे, जूनच्या पूर्वार्धात पॅरिसची सांगता, लगोलग इंग्लंडमधील हिरवळ, जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा अमेरिका, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चीन आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा युरोप. वर्षाचे अकरा महिने हे चक्र फिरत राहते. दर दोन-तीन महिन्यांनी पायाखालचा पृष्ठभाग बदलतो. कठीण कोर्टावर प्रत्येक थांब्याचा हादरा गुडघ्यांत जातो. मातीवर घसरत खेळता येते, पण चेंडूंची देवाणघेवाण लांबते. हिरवळीवर चेंडू खाली राहतो, त्यामुळे सतत वाकावे लागते. त्यात लांबचे विमानप्रवास. दहा-बारा तास पाय आखडून बसल्यावर धडधाकट माणसाचेही गुडघे धरतात. शरीराचे आंतरिक घड्याळ नव्या देशाच्या वेळेशी जुळायला काही दिवस लागतात. आणि ते जुळेपर्यंत पुढच्या गावाचे विमान दारात उभे असते.

शिवाय विश्रांती घ्यावी, तर क्रमवारी आड येते. टेनिसमध्ये गेल्या बावन्न आठवड्यांतील गुणच हिशेबात धरले जातात. गतवर्षी एखाद्या स्पर्धेत मिळविलेले गुण यंदाच्या त्याच स्पर्धेच्या वेळी खात्यातून वजा होतात. ते राखायचे, तर तेथे पुन्हा तेवढीच मजल मारावी लागते. बोपण्णा यांनाच याचा अनुभव आला. २०२४ च्या मेलबर्न विजयाने मिळालेले २००० गुण २०२५ च्या जानेवारीत टिकले नाहीत. एब्डेनशी असलेली जोडी संपुष्टात आली होती आणि नव्या साथीदारासह ते पुरुष दुहेरीच्या पहिल्याच फेरीत बाद झाले. गुण गेले की क्रमांक घसरतो, क्रमांक घसरला की मोठ्या स्पर्धांचा दरवाजा बंद होतो, आणि तो बंद झाला की उत्पन्न थांबते. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ दुखापतीमुळे बाहेर राहिलेल्यास 'संरक्षित क्रमांका'ची सवलत आहे. परंतु तिने काही स्पर्धांत प्रवेश तेवढा मिळतो, गेलेले गुण अथवा बुडालेले उत्पन्न परत मिळत नाही. साहजिकच, दुखरा गुडघा घेऊन 'एवढी एक स्पर्धा खेळूनच टाकू' म्हणणाऱ्यांची संख्या मोठी असते. त्या एका स्पर्धेपायी पुढचे वर्ष गमावल्याची उदाहरणेही थोडीथोडकी नाहीत.

अशा वेळी काय खेळायचे, यापेक्षा काय सोडायचे, हा निर्णय अधिक कठीण असतो. २०१६ साली गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रॉजर फेडररने विम्बल्डननंतरचा संपूर्ण मोसम सोडला. सहा महिन्यांनी परतून त्याने २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. त्यानंतर, ऐन भरात असताना, त्याने मातीच्या कोर्टांवरील सगळा मोसम, अगदी फ्रेंच ओपनसुद्धा, आपणहून वगळला आणि जुलैमध्ये एकही सेट न गमावता विम्बल्डन जिंकले. त्या वेळी तो छत्तिशीला टेकला होता. एक मोठी स्पर्धा सोडली म्हणून दुसरी पदरात पडली.

बोपण्णा यांनी कारकिर्दीच्या उत्तरार्धात हेच तत्त्व अंगीकारले. व्यायामशाळेतील जड सराव कमी केला, शरीर पूर्ववत होण्यासाठी लागणारा वेळ वाढविला, प्रवासात प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांची सोबत ठेवली आणि आपला खेळ बळकट सर्व्हिस व मोजकी धावपळ यांभोवती बेतला. तरीही जेव्हा कसोटीचा महिना आला, तेव्हा ते मागे हटले नाहीत. २०२३ चा सप्टेंबर आठवावा. ८ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन ओपनचा अंतिम सामना. तो ते हरले. १७ सप्टेंबरला लखनौमध्ये मोरोक्कोविरुद्ध डेव्हिस चषकाचा अखेरचा सामना. युकी भांब्रीच्या साथीने तो जिंकून त्यांनी २००२ पासून अंगावर मिरविलेल्या भारताच्या डेव्हिस चषक गणवेशाचा निरोप घेतला. त्यानंतर चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धा. तेथे पुरुष दुहेरीत लवकर पराभव पदरी आला. पण ३० सप्टेंबरला महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक त्यांनी देशाला मिळवून दिले. पहिला सेट २-६ असा गमावल्यानंतरचे ते सुवर्ण होते. बावीस दिवसांत तीन देश, आणि न्यूयॉर्क ते लखनौ या एकाच टप्प्यात घड्याळात साडेनऊ तासांचे अंतर! झिजलेल्या गुडघ्यांनी हे साधले, कारण आधीचे महिने काटकसरीने खर्च केले होते. शिल्लक असलेल्यालाच प्रसंगी दानशूर होता येते.

आता या कथेची दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. बोपण्णा यांना जे साधले, ते सर्वांना का साधत नाही? युकी भांब्री २००९ साली कुमार गटात ऑस्ट्रेलियन ओपनचा विजेता होता. २०१८ मध्ये एकेरीत त्याने जगातील पहिल्या शंभरांत, त्र्याऐंशीव्या क्रमांकापर्यंत मजल मारली. आणि तेथेच गुडघ्याने दगा दिला. दोन वर्षांहून अधिक काळ तो कोर्टाबाहेर होता. अखेर त्याने एकेरी सोडून दुहेरीचा मार्ग धरला आणि २०२५ साली अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. त्याची चिकाटी वंदनीयच आहे. परंतु एकेरीतील उमेदीची वर्षे देशाने गमावली, तीही विसरता येत नाहीत.

सुमित नागलचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २०२१ च्या अखेरीस त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये, भारताचा एकेरीतील अव्वल खेळाडू असताना, आपल्या बँकखात्यात जेमतेम ९०० युरो शिल्लक असल्याचे त्याने सांगितले. वर्षभर जगभर खेळण्यासाठी ऐंशी लाख ते एक कोटी रुपये लागतात आणि तेही केवळ एक प्रशिक्षक सोबत घेतला तर, असा त्याचा हिशेब होता. त्यात फिजिओथेरपिस्ट बसत नव्हता. म्हणजे ज्याचे शरीर हीच एकमेव पुंजी, त्यालाच ती जपणारा माणूस परवडत नाही! यानंतर चार महिन्यांनी याच तरुणाने मेलबर्नमध्ये मानांकित बुब्लिकला हरविले. गुणवत्तेचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो तिच्या निगराणीचा.

याच नागलने सप्टेंबर २०२४ मध्ये पाठीच्या दुखण्याचे कारण देऊन स्वीडनविरुद्धच्या डेव्हिस चषक लढतीतून माघार घेतली, तेव्हा मोठा वाद उसळला. देशासाठी खेळण्यास नकार देणारा म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. या प्रश्नाचा विचार भावनेच्या आहारी न जाता करावयास हवा. देशाचा गणवेश हा सर्वोच्च सन्मान आहे, याविषयी दुमत असूच शकत नाही. तो लाभलेल्या खेळाडूने आपल्या वार्षिक आखणीत राष्ट्रीय लढतींना आधी जागा द्यावी आणि अडचण असल्यास वेळेत, स्पष्टपणे कळवावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु वर्षाचे पन्नास आठवडे ज्याची विचारपूस होत नाही, त्याच्या देशभक्तीची परीक्षा उरलेल्या दोन आठवड्यांतच घ्यायची, हा न्याय नव्हे. सैनिकाकडून पराक्रमाची अपेक्षा करणारे राष्ट्र त्याच्या शस्त्राची, शिध्याची आणि उपचारांचीही व्यवस्था करते. खेळाडूच्या बाबतीत ही व्यवस्था कोणी करावयाची?

उत्तर फार अवघड नाही. टेनिस संघटना आणि प्रमुख खेळाडू यांनी वर्षारंभीच एकत्र बसून मोसमाची आखणी करावी. कोणत्या तारखा राष्ट्रीय कर्तव्याच्या, कोणते आठवडे विश्रांतीचे, कोणत्या पृष्ठभागावरून कोणत्या पृष्ठभागावर जाण्यास किती दिवस हवेत, हे कागदावर उतरावे. प्रवासातील खेळाडूंसाठी सामाईक फिजिओथेरपिस्ट नेमला, तरी तिघाचौघांचा खर्च विभागला जाईल. दुखापत खरी की सबब, याचा निर्णय वृत्तपत्रांतून न होता तज्ज्ञ वैद्यकीय समितीने करावा. त्याचबरोबर देशात स्पर्धा वाढावयास हव्यात. पुण्यातील महाराष्ट्र ओपन ही एटीपी स्पर्धा २०२३ नंतर परदेशी गेली. त्या दर्जाची स्पर्धा घरच्या अंगणात नसणे म्हणजे आणखी प्रवास, आणखी खर्च आणि शरीराची आणखी झीज. उद्योगसमूहांनी जाहिरातीच्या फलकांपलीकडे जाऊन हा भार उचलला, तर ते खऱ्या अर्थाने राष्ट्रकार्य होईल.

मात्र सर्व दोष संघटनांच्या माथी मारून कुटुंबांना मोकळे होता येणार नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, कोठेही शनिवार-रविवारी टेनिसच्या कोर्टाभोवती एक फेरफटका मारावा. दहा-बारा वर्षांची मुले आठवडाभर शाळा, शिकवणी आणि सराव करून सुटीच्या दिवशी स्पर्धेला उभी असतात. कोपराला पट्टी, गुडघ्याला टोपी. सामन्याआधी आई डब्याबरोबर वेदनाशामक गोळीही पुढे करते, कारण प्रवेशशुल्क भरलेले असते आणि गाडीभाडे खर्च झालेले असते. यामागे माया आहे, त्यागही आहे. परंतु वाढत्या वयातील हाडांना विश्रांती न देता एकच हालचाल हजारो वेळा करावयास लावणे, हा त्या मायेचा विपर्यास आहे. दुखणे लपविणाऱ्या मुलाला शूर म्हणण्याऐवजी, दुखते हे वेळेवर सांगणाऱ्या मुलाला शहाणे म्हणण्याची सवय घराघरांत लागली पाहिजे. हारजितीची वही ठेवणाऱ्या पालकांनी त्याच वहीत झोपेचे तास आणि दुखण्याचे दिवसही लिहून ठेवावेत. वर्षातील काही आठवडे रॅकेट खुंटीला टांगलेली असावी आणि मूल अंगणात दुसरेच काहीतरी खेळत असावे. त्यात वेळ वाया जात नाही.

आपल्या समाजात अहोरात्र धावणाऱ्याचे कौतुक होते, आणि ते व्हावेही. सतत प्रवासावर असलेला कार्यकर्ता, रात्रपाळी करणारी परिचारिका, दोन नोकऱ्या सांभाळणारा गृहस्थ, हे सारे समाजाचा गाडा ओढत असतात. पण प्रकृतीकडे दुर्लक्ष करणे म्हणजेच समर्पण, असा एक घातक समज या कौतुकातून रुजला आहे. वास्तविक 'युक्ताहारविहारस्य' ही गीतेची शिकवण नेमकी याच्या उलट आहे. आहार, विहार, कर्म आणि निद्रा यांत प्रमाण राखणाऱ्यालाच योग साधतो, असे ती सांगते. शरीर हे कार्याचे साधन आहे. आणि साधनाची निगा राखणे हा कार्याचाच भाग आहे. ती न राखता अकाली कोसळणाऱ्याविषयी हळहळ वाटते, पण त्याचे काम मात्र अर्धवटच राहते.

बोपण्णा यांनी हे काम अर्धवट सोडले नाही. गुडघ्यांतील कूर्चा गेली, पाच महिने विजय रुसला, निरोपाचे शब्दही ओठांवर आले. तरी त्यांनी थांबण्याचे दिवस आणि धावण्याचे दिवस यांचा हिशेब नव्याने मांडला आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या इच्छेने, उभ्या पायांवर कोर्ट सोडले. त्यांच्या नावाचे चषक कोडगूतील घरी राहतील. पण उद्या पुण्यातील एखाद्या कोर्टावर दुखऱ्या खांद्याने सर्व्हिस करणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला तिचे वडील 'आज राहू दे, चल घरी' असे म्हणाले, तर या कारकिर्दीचा धडा योग्य ठिकाणी पोहोचला, असे म्हणता येईल.